छायाचित्रावर अभिप्राय द्यावा कसा आणि घ्यावा कसा? (निमित्त : एक निळे पिंप)

पाऊलवाट (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात आपल्या साप्ताहिक छायाचित्रांच्या धाग्यावर मी आत्याच्या कुरडयांचे एक प्रकाशचित्र टाकले होते. संगमनेरजवळच्या गावी, तिच्या घराच्या गच्चीवर, एप्रिलच्या अखेरीस सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात ते काढलेले आहे. जुन्या धोतरावर कुरडयांच्या ओळी, ओळीच्या टोकाशी सोऱ्या धरून ओणवी झालेली आत्या आणि तिच्यामागे मोकळे आकाश, एवढाच ऐवज. दोन दिवसांत २६ प्रतिसाद आले. त्यांपैकी २४ प्रतिसाद 'अप्रतिम', 'सुरेख', 'तोंडाला पाणी सुटले', 'लहानपण आठवले' या जातीचे होते, पंचविसाव्याने कॅमेरा कोणता असे विचारले आणि सव्विसाव्याने एकच ओळ लिहिली : 'डावीकडचे निळे पिंप नसते तर बरे झाले असते.'

मला राग आला, हे कबूल करतो. आत्याचे घर म्हणजे स्टुडिओ नव्हे, खेड्यातल्या गच्चीवर पिंप असायचेच, तुम्ही स्वतः कधी काही टाकत नाही आणि दुसऱ्याचे उणे मात्र काढता, अशा आशयाचे तीन परिच्छेद मी लिहून काढले. ते प्रकाशित करणार तोच वीज गेली आणि मजकूरही गेला. (महावितरणचे आभार मानण्याची वेळ आयुष्यात फारशी येत नाही.) दुसऱ्या दिवशी सकाळी तेच चित्र पुन्हा उघडले, तेव्हा माझी नजर पहिल्यांदा पिंपावर गेली, तेथून आत्याकडे आली आणि पुन्हा पिंपावर जाऊन थांबली. त्या दिवसापासून मला त्या चित्रात आत्या नीट दिसतच नाही.

मग मी माझेच जुने प्रतिसाद चाळले. इतरांच्या चित्रांखाली गेल्या वर्षभरात मी जे लिहिले आहे, त्यातले निम्म्याहून अधिक कोणत्याही चित्राखाली उचलून चिकटवता येईल असे निघाले. 'रंग छान आले आहेत' हे वाक्य मी एका कृष्णधवल चित्राखालीही लिहिलेले आढळले, आणि चित्रकर्त्याने त्याबद्दल माझे आभारही मानले होते.

म्हणून हा धागा. कौतुकावर बंदी घालावी असे माझे मुळीच म्हणणे नाही. मात्र अभिप्राय हवा असे ज्याने स्पष्ट लिहिले आहे, त्याला आपण नक्की काय देतो याचा एकदा विचार व्हावा. माझी सूचना अशी आहे की, चित्र टाकणाऱ्याने आपल्याला काय दाखवायचे होते हे दोन ओळींत लिहावे, आणि प्रतिसाद देणाऱ्याने चांगले-वाईट ठरवण्याआधी आपल्याला काय दिसले, नजर कोठे गेली आणि कोठे अडली एवढे आधी सांगावे. ठरवायचे ते नंतर ठरवावे. यात काय अडचणी येतील, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

सोलापुरी_चादर

मी त्या चोवीस जणांपैकी एक आहे, म्हणून माझी बाजू मांडतो. मी रात्रपाळीवरून आल्यावर चहा घेताना हे संकेतस्थळ उघडतो. मला छायाचित्रणातले काहीही कळत नाही, परंतु तुमच्या चित्रातल्या कुरडया पाहून मला माझी आई आठवली, म्हणून मी 'अप्रतिम' असे लिहिले. ते खोटे नव्हते. ज्याला शास्त्र कळत नाही त्याने गप्प बसावे असा नियम झाला, तर या धाग्यांवर पाचसहा जणच उरतील आणि ते एकमेकांचीच चित्रे तपासत बसतील.

जुना_रोल

विषय चांगला काढला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मी मुंबईत एका कॅमेरा क्लबचा बरीच वर्षे सभासद होतो, संगणकावर चित्रे पाहण्याच्या आधीच्या काळात. छत्तीस चित्रांचा रोल, त्यातून निवडलेली एक निगेटिव्ह, घरच्या न्हाणीघरात लाल दिव्याखाली केलेली प्रत, आणि मग महिन्याच्या सभेत ती प्रत उभ्या चौकटीवर ठेवून त्यावर चर्चा. तेथे एक शिस्त होती आणि ती मला आजही फार शहाणपणाची वाटते. प्रत कोणाची आहे हे सांगितले जात नसे, आणि ज्याची प्रत असेल त्याने चर्चा संपेपर्यंत तोंड उघडायचे नसे. पहिल्या सभेत माझ्या प्रतीवर दहा मिनिटे बोलणे चालले होते, आणि मी मागच्या रांगेत बसून 'पण तेव्हा पाऊस होता', 'पण मागे जायला जागाच नव्हती' अशी उत्तरे मनातल्या मनात देत होतो. घरी जाताना लोकल गाडीत लक्षात आले की, यातले एकही उत्तर त्या प्रतीवर छापलेले नव्हते. पाहणाऱ्याच्या हाती फक्त कागद असतो, आपला पाऊस नसतो.

हे मुंबईला नवे नाही. छायाचित्रणाची कला १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली आणि पुढच्या पंधरा वर्षांत, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झालीसुद्धा. भाऊ दाजींचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. संस्थेने स्वतःचे नियतकालिकही काढले होते. म्हणजे आपले काम चार जाणकारांपुढे ठेवण्याची हौस आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांची आहे, आणि माझी खात्री आहे की त्याबद्दलचे रुसवेफुगवेही तितकेच जुने असणार.

एक फरक मात्र आहे. क्लबमध्ये बोलणारा माणूस समोर उभा असे. त्याने 'हे चित्र फसले आहे' असे म्हटले तरी चहाच्या वेळी तोच येऊन खांद्यावर हात ठेवी आणि निगेटिव्ह दाखव म्हणे. येथे ती चहाची वेळ नसते. त्यामुळे तेच वाक्य येथे दुप्पट धारदार लागते, आणि म्हणून लिहिताना निदान एक ओळ जास्त लिहावी लागते.

करडी_छटा

पाऊलवाट यांच्या सूचनेला माझे अनुमोदन आहे, पण कौतुक आणि टीका यांच्याशिवाय आणखी एक प्रकार येथे चालतो, त्याचा कोणी उल्लेख केलेला नाही. मी चित्र टाकले की त्याखाली 'ताई, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) कमी ठेवायला हवा होता', 'मॅन्युअलवर शिका', 'सूर्य पाठीशी ठेवावा' अशा सूचना येतात, मी त्या मागितलेल्या असोत वा नसोत. सूर्य समोर ठेवून मुद्दाम छायाकृती केलेली असते आणि खाली कोणीतरी चेहरा काळा आल्याबद्दल हळहळत असतो. माझ्याच बरोबर त्याच ठिकाणी गेलेल्या माझ्या भावाने जवळजवळ तसेच चित्र टाकले होते, त्याला मात्र 'काय सिल्हूट आहे' असे म्हटले गेले. नाव झाकून चित्र ठेवण्याची क्लबची पद्धत मला म्हणूनच मोलाची वाटते.

आता कुरडयांविषयी. मी ते चित्र पाहिले होते आणि मीही 'सुरेख' लिहून पुढे गेले होते, म्हणून आज प्रायश्चित्त घेते. मला पहिल्यांदा निळे पिंप दिसले. नंतर आत्यांचा उजवा हात दिसला, कारण सोऱ्याची मूठ फिरवताना मनगटाची शीर ताणलेली आहे आणि तेवढ्याच भागावर तिरका उजेड आहे. त्यानंतर मी कुरडयांच्या ओळींवरून मागे मागे जायला लागले, आणि तिसऱ्या ओळीशी पुन्हा पिंपाने ओढून घेतले. चित्रात सगळीकडे पांढरे, पिवळट, मातकट रंग आहेत. त्यात तो एकच गडद निळा असल्यामुळे आकाराने लहान असूनही तो सर्वांत मोठ्याने बोलतो. एक सोपी परीक्षा करून पाहावी. चित्र कृष्णधवल करून बघा. माझ्याकडे करून पाहिले तेव्हा पिंप करडे होऊन भिंतीत मुरले आणि हात वर आला. याचा अर्थ मांडणी मुळात ठीक आहे आणि भांडण रंगाचे आहे.

लॅबमधला

मी छपाईच्या लॅबमध्ये काम करतो. रोज लोकांची चित्रे कागदावर उतरवणे हाच धंदा असल्यामुळे एक गोष्ट ठामपणे सांगू शकतो. एकाच चित्राला एक जण 'फार अंधारे' म्हणतो आणि दुसरा 'उजेड जास्त झाला' म्हणतो, तेव्हा पुष्कळदा दोघेही खरे बोलत असतात, कारण दोघांचे पडदे वेगळे असतात. फोनची प्रकाशमात्रा पूर्ण चढवून अंधाऱ्या खोलीत चित्र पाहणाऱ्याला सावल्यांतही सगळे दिसते. तेच चित्र तो आमच्याकडे छापायला देतो आणि प्रत काळी आली म्हणून भांडतो. रंगांचेही तसेच आहे. काही कॅमेरे ॲडोबी आरजीबी या रंगव्याप्तीत चित्र साठवतात. ते एसआरजीबीत, म्हणजे बहुतेक पडदे ज्या रंगव्याप्तीत चित्र दाखवतात तिच्यात, न बदलता चढवले आणि वाटेत त्याची रंगओळख गळून पडली, की रंग मरगळलेले दिसतात. त्यावर 'रंग उडालेले आहेत, सॅच्युरेशन वाढवा' असा सल्ला मिळतो, तो ऐकला की पुढच्या वेळी टोमॅटो पेटल्यासारखे दिसतात.

म्हणून उजेड आणि रंग यांवर अभिप्राय देताना आपण कोठे पाहिले हे सांगावे, आणि शक्य तेथे डोळ्यांऐवजी हिस्टोग्रामचा, म्हणजे चित्रात काळे-पांढरे किती आहे हे दाखवणाऱ्या आलेखाचा, आधार घ्यावा. कुरडयांचे चित्र मी संगणकावर उतरवून घेऊन तपासले. उजव्या अंगाच्या दोन ओळींत पांढरा भाग जळाला आहे, म्हणजे तेथे कुरडईचे धागे वेगवेगळे दिसत नाहीत, नुसता चुन्याचा पट्टा दिसतो. हा पडद्याचा दोष नाही, तेथे नोंदच उरलेली नाही. पांढऱ्या वस्तूंनी चौकट भरली की कॅमेऱ्याचा मापक उजेड फार आहे असे समजून सगळे करडे करतो, म्हणून आपण एक्स्पोजर थोडे वाढवतो, आणि ते बरोबरच आहे. मात्र ऊन कडक असेल तर तेवढी वाढही सोसत नाही. आपण सातचे कोवळे ऊन म्हणता, पण मला ते ऊन कोवळे वाटत नाही.

पाऊलवाट

करडी_छटा, असा अभिप्राय मिळत असेल तर मी दर आठवड्याला पिंप ठेवायला तयार आहे. कृष्णधवल करून पाहिले, आणि आपण म्हणता ते खरे आहे.

लॅबमधला, जळालेल्या भागाबद्दल आपले म्हणणे मान्य. उन्हाबद्दल मात्र मान्य नाही. मी तेथे होतो, सात वाजले होते आणि ऊन कोवळेच होते.

जुना_रोल

पाऊलवाट, 'मी तेथे होतो' हे वाक्य क्लबमध्ये मनाई असलेल्या वाक्यांत पहिले होते.

रानभूल

आतापर्यंतची चर्चा मांडणी आणि उजेड यांवर झाली. मी पक्ष्यांची चित्रे काढते, आणि आमच्याकडे अभिप्रायाचा कठीण भाग वेगळाच असतो. दोन वर्षांपूर्वी एका समूहावर स्वर्गीय नर्तकाच्या घरट्याचे चित्र आले होते. पिसांचा तपशील, पिल्लांच्या उघड्या चोची, मागची हिरवी धूसर पार्श्वभूमी, सगळे डोळ्यांचे पारणे फेडणारे. शेकडो लोकांनी वाखाणले. मी चित्र मोठे करून पाहिले तेव्हा घरट्याच्या भोवतालच्या तीन डहाळ्यांची टोके तिरकी आणि पांढरी दिसली. ती मोडलेली नव्हती, कापलेली होती. हा पक्षी पानांच्या आडोशाला घरटे बांधतो, कारण तो आडोसा पिल्लांना उन्हापासून आणि कावळ्यांपासून वाचवतो. चित्रात पाने आड येतात म्हणून कात्री चालवली की चित्र स्वच्छ येते आणि पिल्ले उघडी पडतात.

मी ते लिहिले. पुढे ऐंशीच्या वर प्रतिसाद झाले आणि त्यातले पक्ष्याबद्दलचे दहाही नव्हते. मी मत्सर करते, मला असे चित्र मिळालेले नाही म्हणून जळते, असे सांगण्यात आले. चित्रकर्त्याने शेवटी चित्र काढून टाकले आणि समूहही सोडला. त्याने डहाळ्या स्वतः कापल्या होत्या की दुसऱ्या कोणी कापलेल्या होत्या, हे मला आजतागायत ठाऊक नाही. तेव्हापासून मी विचार करते आहे की मी काय वेगळे लिहायला हवे होते. मी पहिल्याच ओळीत 'हा गुन्हा आहे' असे लिहिले होते. 'डहाळ्यांची टोके कापलेली दिसतात, ती कशी?' असे विचारले असते तर निदान उत्तर तरी मिळाले असते.

उंबरठा

रानभूल, अशा गोष्टी खासगी निरोपात सांगाव्यात असे माझे मत आहे. चारचौघांत चूक दाखवली की माणूस चूक पाहत नाही, चारचौघांकडे पाहतो.

रानभूल

मांडणीच्या चुकीबद्दल मी आपल्याशी सहमत आहे. घरट्याच्या बाबतीत नाही. ते चित्र वाखाणणाऱ्या शेकडो जणांपैकी काही जण पुढच्या जूनमध्ये कात्री घेऊन निघणार होते, त्यांना खासगी निरोप कोण पाठवणार?

काठावरचा

अभिप्राय देणाऱ्यांची गंमत सांगणारी एक खरी घटना येथे नोंदवतो. फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावर 'डिलीट मी' नावाचा एक गट होता. तेथे चित्र टाकायचे आणि सभासदांनी ते ठेवावे की काढावे यावर मते द्यायची, असा तो कठोर खेळ होता. २००६ साली तेथे एकाने एक कृष्णधवल चित्र टाकले. वरून घेतलेले, वळत खाली उतरणारा दगडी जिना, त्याचा लोखंडी कठडा, आणि खालच्या रस्त्यावरून झरकन निघून जाणारा एक सायकलस्वार, हललेला. सभासदांनी ते धूसर ठरवले, आणखी दोष काढले आणि काढून टाकण्याच्या बाजूने कौल दिला. ते चित्र विख्यात फ्रेंच छायाचित्रकार ऑन्री कार्तिये-ब्रेसाँ यांनी १९३२ साली फ्रान्समधल्या इएर गावी घेतलेले होते आणि छायाचित्रणाच्या इतिहासात ते अभिजात मानले जाते.

आता बोला. अभिप्राय घेणाऱ्याने अशा परीक्षकांचे काय करावे?

लॅबमधला

ही गोष्ट मी पुष्कळदा ऐकली आहे आणि दर वेळी ती परीक्षकांना हसण्यासाठी सांगितली जाते. मला ती तेवढी सोपी वाटत नाही. सायकलस्वार हललेला आहे हे त्यांचे निरीक्षण चूक नव्हते. ते निरीक्षणापाशीच थांबले, ही चूक होती. 'चित्र धूसर आहे' असे म्हणणाऱ्याने पुढचा प्रश्न स्वतःला विचारायला हवा की धूसर काय आहे आणि कसे आहे. चौकटीतले सगळेच एकाच दिशेने फराटल्यासारखे दिसत असेल तर हात हलला आहे. डोळे धूसर आणि मागची भिंत स्वच्छ असेल तर फोकस चुकला आहे. आणि कठडा, जिना, रस्ता सगळे जागच्या जागी असून फक्त जाणारा माणूस पुसट असेल, तर कॅमेरा स्थिर होता आणि माणूस वेगात होता. पहिल्या दोन गोष्टींवर उपाय सांगता येतात, शटरचा वेग वाढवा किंवा फोकसचा बिंदू बदला. तिसऱ्या गोष्टीला उपाय लागतोच असे नाही, कधीकधी तोच तर चित्राचा विषय असतो. 'धूसर' हा एकच शब्द तिघांनाही लावला की सल्ला चुकीचा जातो, मग चित्र कार्तिये-ब्रेसाँचे असो वा आमच्या गिऱ्हाइकाचे.

करडी_छटा

शिवाय नाव सांगितले असते तर त्याच सभासदांनी त्याच धूसरपणाला 'गतीची कविता' म्हटले असते, यातही मला काही फार अभिमानास्पद दिसत नाही. वर मी नाव झाकण्याची बाजू घेतली होती, ती अजूनही सोडत नाही. नाव झाकल्यावर त्यांना जे दिसले ते निदान त्यांचे स्वतःचे होते.

जुना_रोल

बरोबर आहे. फक्त आमच्या सभेत नाव शेवटी उघड होत असे, आणि मग बोलणाऱ्याला आपले बोलणे पुन्हा तपासता येई. त्या गटात बहुतेकांना ती दुसरी फेरी मिळाली नाही, थेट फजितीच मिळाली. परीक्षकाला फसवून त्याची परीक्षा घेणे मला आवडत नाही. चूक करण्याची मोकळीक नसेल तर कोणी प्रामाणिक अभिप्राय देणारच नाही, सगळे 'अप्रतिम'च लिहितील.

अर्धा_कप

नमस्कार. तो सव्विसावा प्रतिसाद माझा आहे. हा धागा तीन दिवस वाचतो आहे आणि मनात अपराधी भावना वाढते आहे, म्हणून लिहितो.

मी ती ओळ एसटीच्या थांब्यावर उभ्याने लिहिली होती. गाडी आली म्हणून तेवढ्यावरच संपवली. माझ्या मनात जे होते ते असे : आत्यांचा हात मला इतका आवडला होता की त्याच्याकडे पाहताना दुसरीकडे ओढले जाणे सहन होत नव्हते. यातला पहिला अर्धा भाग मी लिहिला नाही, कारण तो आधीच्या चोविसांनी लिहिला आहे असे मला वाटले. आता लक्षात येते की त्यांनीही तो लिहिला नव्हता. हाताबद्दल कोणीच काही लिहिले नव्हते.

पिंप संपादनात पुसून टाका असे माझे म्हणणे नव्हते आणि नाही. दोन पावले उजवीकडे सरकून उभे राहिला असतात तर ते आत्यांच्या पाठीमागे गेले असते, असे मला वाटले होते.

माजघर

मला छायाचित्रणातले फारसे कळत नाही, पण कुरडया मी चाळीस वर्षे घालते आहे, म्हणून एक शंका विचारते. आपण सर्वांनी त्या पिंपाला अडगळ धरले आहे. कुरडईचे गहू तीन दिवस भिजवावे लागतात, रोज पाणी बदलावे लागते, मग ते वाटून चीक काढायचा, रात्रभर तो निवळू द्यायचा, सकाळी वरचे पाणी ओतून टाकून चीक शिजवायचा, तेव्हा कोठे सोऱ्या हातात येतो. आमच्याकडे गहू भिजवायला असलेच पिंप असते. चार घरांच्या कुरडया एकत्र असल्या तर एका घरच्या वाळत असतात तेव्हा दुसऱ्या घरचे गहू भिजत असतात. त्या पिंपात गहू असतील, तर ते चित्रातून काढणे म्हणजे कामाची सुरुवातच काढून टाकण्यासारखे होईल. पाऊलवाट यांनी त्यात काय होते ते पाहिले होते का?

पाऊलवाट

माजघर, पाहिले नव्हते. मी दोन तास त्या गच्चीवर होतो आणि पिंपात काय आहे हे मला ठाऊक नव्हते.

उंबरठा

मग आता सगळेच उलटे झाले. पिंप दोष नसून विषय आहे, आणि अर्धा_कप यांचा अभिप्राय चुकीचा ठरला.

करडी_छटा

चुकीचा कसा? पिंप आत्ता चित्रात ज्या जागी आहे, तेथे ते गव्हाचे पिंप म्हणून दिसत नाही, कोणीतरी विसरलेली वस्तू म्हणूनच दिसते. त्यात गहू आहेत हे माजघर यांनी सांगितले, चित्राने सांगितलेले नाही. ते विषय असेल तर त्याला तशी जागा द्यायला हवी होती. उदाहरणार्थ, कॅमेरा थोडा उंच धरून पिंपाचे तोंड आणि आतले गहू दिसू द्यायचे आणि ओळींची सुरुवात तेथून करायची. तसे केल्यावरही कोणी 'निळे पिंप नको' म्हणाले असते, तर ते पाहणाऱ्याचे चुकले, असे आपण म्हणू शकलो असतो.

सोलापुरी_चादर

मी हा सगळा धागा वाचला. चित्र पुन्हा उघडले. मला पहिल्यांदा दिसते ते धोतर. कडेला त्याला रफू केलेले आहे, आणि माझी आई कुरडयांसाठी नेमके तसेच, वडिलांचे जुने धोतर काढून ठेवायची. 'अप्रतिम' असे लिहिले तेव्हा मला हे लिहायचे होते, फक्त तेव्हा ते मला माहीत नव्हते.

पाऊलवाट

सोलापुरी_चादर, ते धोतर आजोबांचे आहे. रफू मला आज पहिल्यांदा दिसले.

माझ्या सूचनेवर म्हणायचे तर, काय दाखवायचे होते हे दोन ओळींत लिहावे असे मी सुरुवातीला म्हटले होते. आता मला त्यात एक खोट दिसते. मी त्या दोन ओळी लिहिल्या असत्या तर 'आत्याचे कष्ट' असे काहीतरी लिहिले असते, आणि मग सगळे त्याच दिशेने पाहत राहिले असते. रफू, पिंप, जळालेल्या ओळी हे कोणाला दिसले नसते. म्हणून पुढच्या आठवड्यापासून माझ्यापुरते असे ठरवतो की चित्र आधी एकटेच ठेवीन, पहिले काही प्रतिसाद येईपर्यंत गप्प बसेन आणि मग माझे म्हणणे लिहीन. जुना_रोल यांच्या मागच्या रांगेत बसण्यासारखेच ते होईल.

अर्धा_कप, आपल्याबद्दल मी जे तीन परिच्छेद लिहिले होते, ते आपल्यापर्यंत पोहोचले नाहीत याचा मला मनापासून आनंद आहे.

पाऊलवाट

काल गावी गेलो होतो. चित्राची मोठी प्रत छापून घेतली होती, ती आत्याला दाखवली. हे आधी करायला हवे होते, हे कोणी सांगण्यापूर्वी मीच सांगतो.

तिने चष्मा लावला, प्रत खिडकीशी नेली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'अरे, पिंपावरचं झाकण कोणी काढलं होतं?' त्यात ताईच्या वाट्याचे गहू होते, दुसऱ्या दिवसाचे. पाणी बदलायला झाकण उघडले आणि मी कॅमेरा घेऊन मध्ये मध्ये केल्यामुळे ते तसेच राहिले असावे, असा तिचा निष्कर्ष होता.

नंतर तिने बोटाने तिसरी ओळ दाखवली. त्या ओळीतल्या कुरडयांचे धागे जागोजागी तुटलेले आहेत. मला ते कधीच दिसले नव्हते, आणि येथेही कोणाच्या नजरेत आले नव्हते. 'चीक गरम आहे तोवर धागा सलग पडतो. गार झाला की सोऱ्या दाबायला जड जातो आणि कुरडई तुटते. हा फोटो तू सकाळचा म्हणतोस, पण साडेआठ तरी वाजून गेलेले असणार.'

घरी आल्यावर मूळ फाइलमधली नोंद उघडून पाहिली. वेळ ८ वाजून ४० मिनिटांची होती. लॅबमधला, आपल्याला उत्तर देणे राहिले होते, ते हे.

पुढच्या एप्रिलमध्ये साडेसहाला गच्चीवर यायचे, झाकणाला हात लावायचा नाही आणि पहिला घाणा संपेपर्यंत सोऱ्या फिरवायला मदत करायची, असे मला सांगण्यात आले आहे.